गाभोळी नसलेला मासा

बाबांनी मासा उताणा धरला, सुरीचं टोक शेपटीकडून घालून गळ्यापर्यंत एक सरळ चीर दिली आणि बोटानं आत गाभोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी, चाचपून पाहिली. मग पुन्हा एकदा चाचपलं.

"गाभोळी नाही," ते म्हणाले. "थंडीचे दिवस, पाऊण किलोचा मासा. बघायला मादीसारखा. आणि आत काहीच कसं नाही?"

मग त्यांनी पाठीवरचा पर दोन बोटांत धरून उजेडाकडे केला. कडा झिजलेली होती, जुन्या झाडूच्या टोकासारखी. "हा भिंतीला घासून वाढलाय. नदीतल्या माशाचा पर असा नसतो."

मी तोवर त्यांना काही सांगितलेलं नव्हतं. सकाळी तळ्यावर ट्रक येऊन गेल्यानंतर आम्ही पोचलो होतो, आणि इथल्या तळ्यात मासे ट्रकनं येतात हे त्यांना कसं सांगावं हे मला कळत नव्हतं. आता माशानंच सांगितलं.

बाबा महाडजवळच्या बिरवाडीकडचे. काळ नदीच्या काठावर वाढलेले. नोकरी पुण्यात झाली, पण सुट्टीत गावी गेले की पहाटे गरी घेऊन नदीवर. मला आठवतं तेव्हापासून गांडुळांचा डबा हा आमच्या गावच्या घरातला एक नेहमीचा डबा होता, मिठाच्या बरणीसारखा. सहा महिन्यांसाठी ते आमच्याकडे कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "इथं नदी कुठं आहे गं?" दुकानं कुठं, देऊळ कुठं, हे नंतर.

नदी आहे, अॅलमीडा क्रीक. पण तिच्यात मासे धरायला मी त्यांना नेलं नाही. नेलं ते तिच्या शेजारच्या क्वारी लेक्सवर.

ही तळी मुळातली तळी नव्हेत. नाइल्सच्या घळीतून बाहेर पडताना क्रीकनं हजारो वर्षं वाळू-गोटे आणून टाकले आणि दीडशे वर्षांपूर्वीपासून माणसांनी ते उपसून नेले. त्या खाणींचे खड्डे आता पाण्यानं भरलेत. क्रीकवर फुगवता येणारी रबराची धरणं आहेत. त्यांनी पाणी तुंबवून या खड्ड्यांकडे वळवतात, ते सावकाश जमिनीत मुरतं आणि विहिरींतून उपसलेलं भूजल आमच्या नळाला येतं. म्हणजे आम्ही चहाला ठेवतो त्या पाण्यातलं काही याच तळ्यांच्या तळातून गाळून आलेलं असतं. उरलेला भाग पार्क झाला आहे. घोड्याच्या नालेसारखं एक तळं, त्याचं नाव हॉर्सशू, शेजारी रेनबो. लोक येतात, डबे उघडतात, पोरं सायकली फिरवतात. आणि थंडी पडली की ट्राउट येतो.

थंडीतच, कारण ट्राउट हा गार पाण्याचा जीव. उन्हाळ्यात हे तळं तापतं, पाण्यातला प्राणवायू कमी होतो, तो तगत नाही. म्हणून या राज्यातल्या शहरी तळ्यांत साधारण असा क्रम असतो: थंडीत ट्राउट, उन्हाळ्यात शिंगटीच्या जातीचा कॅटफिश. माशांची टाकी घेऊन ट्रक पाण्याच्या कडेपर्यंत मागे मागे येतो. टाकीत प्राणवायू सोडलेला असतो, कारण त्याशिवाय इतक्या दाटीत मासा तासभरही जगणार नाही. टाकीतल्या आणि तळ्यातल्या पाण्याच्या तापमानात फार फरक असेल तर मासा गांगरतो, कधी मरतोही, म्हणून आधी ते बघावं लागतं. मग जाड नळ्यातून पाणी आणि मासे एकत्र धो धो खाली. पहिले काही तास ते थव्यानं काठाशीच घोटाळत राहतात. जन्मभर काँक्रीटच्या हौदात वाहत्या पाण्याकडे तोंड करून पोहलेले. इथं पाणी कुठल्याच बाजूनं वाहत नाही, तर तोंड कुठं करायचं त्यांना कळत नसणार. पाणकावळ्यांना हे पक्कं ठाऊक आहे. ट्रक गेला की ते येतातच.

माणसंही येतात. त्या शनिवारी काठावर हाताहाताच्या अंतरानं माणसं उभी होती. शेजारी एक फिलिपिनो आजोबा घडीची खुर्ची टाकून बसले होते. पलीकडे एक अफगाण कुटुंब. तिघं भाऊ आणि त्यांची एकच काठी. एक आई दोन लहान मुलींना आळीपाळीनं रीळ फिरवायला देत होती. सोळा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला इथं राज्याचा परवाना लागतो आणि या पार्कात मासेमारीचा त्या दिवसाचा वेगळा कागद. बाबांनी दोन्ही कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशाला लावले होते. नदीवर जायला कुणाला विचारायचं असतं हेच त्यांना नवीन होतं, पण त्यांना ते आवडलं. "म्हणजे कुणीतरी हिशेब ठेवतंय," ते म्हणाले. ट्राउट दिवसाला पाचच न्यायचे, हेही त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

गांडुळं लावून तासभर काही लागलं नाही. मग त्या फिलिपिनो आजोबांनी उठून येऊन आपल्या बरणीतला पिवळाधमक, चकचकता गोळा बाबांच्या हातावर ठेवला. पॉवरबेट. मळलेल्या कणकेसारखा लागतो, वास उग्र, आणि पाण्यात तरंगतो. बाबांना इंग्रजी थोडंच येतं, आजोबांना मराठी येण्याचा प्रश्न नाही. पण गळाच्या वर शिसं किती लांब बांधायचं, म्हणजे शिसं तळाला बसेल आणि गोळा माशाच्या तोंडाशी तरंगेल, हे त्यांनी बोटांनी मोजून दाखवलं आणि बाबांनी ते एका झटक्यात उचललं. वीस मिनिटांत काठी वाकली. बाबांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मी आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

म्हणूनच घरी येऊन गाभोळी नाही म्हटल्यावर मला भीती वाटली, की खरं सांगितलं तर ते सगळं पुसलं जाईल.

सांगितलं. हौदात वाढवतात, मादीचं पोट हातानं दाबून अंडी काढतात, त्यावर नराचं वीर्य घालतात, पिल्लांना दाण्यांचं खाद्य. आणि पुष्कळदा मासे मुद्दाम वांझ केलेले असतात: अंडं फळल्यावर लगेच, थोड्या मिनिटांतच, त्याला उष्णतेचा किंवा दाबाचा धक्का देतात, गुणसूत्रांच्या दोन संचांऐवजी तीन राहतात, मासा वाढतो पण त्याला पिल्लं होत नाहीत. आपला मासा त्यातला असेल किंवा नसेल, पण असे मासे असतात. बाबा ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे आधी सोडायचा, मग धरायचा. आणि पिल्लं होऊ द्यायची नाहीत. असं का?"

या 'का'चं उत्तर मात्र मला लाज वाटण्याजोगं नाही, उलट त्यात काळजी आहे. हौदातला मासा चुकून ओढ्यात शिरला आणि तिथल्या रानच्या माशाशी त्याची वीण झाली, तर त्या पाण्याशी पिढ्यान्‌पिढ्या जुळवून घेतलेलं रक्त पातळ होतं. वांझ मासा निसटला तरी ही मिसळ होत नाही.

मासा आम्ही खाल्ला. बाबांनी स्वतः केला, ओलं खोबरं, लाल मिरची, त्रिफळं, कोकम. मांस मऊ, काटे कमी, आणि चव थोडी मातकट, हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. ताटात मात्र काही ठेवलं नाही.

पुढच्या रविवारी मी त्यांना ओकलंडच्या डोंगरातल्या रेडवूड पार्कात घेऊन गेले. तिथं उंच झाडांच्या सावलीत एक ओढा आहे, उडी मारून ओलांडता येईल एवढा. रेडवूड क्रीक. तिथं मासेमारीला बंदी आहे. १८५५ साली गिबन्स नावाच्या अभ्यासकानं रेनबो ट्राउटला वेगळी जात समजून नाव दिलं ते याच ओढ्याच्या परिवारातल्या, सॅन लिआंड्रो क्रीकच्या माशांवरून. अंगावरच्या रंगांमुळे त्यानं नावात इंद्रधनुष्य आणलं. आज जगभरच्या शेततळ्यांत, हॉटेलांच्या ताटांत, हिमाचलात, मुन्नारच्या डोंगरात जो 'रेनबो' मिळतो, त्याच्या नावाची मुळं इथं आहेत. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियातल्याच मक्लाउड नदीवर अंडी गोळा करण्याचं केंद्र निघालं आणि या माशाची अंडी बर्फात घालून दूरदूरच्या देशांत गेली. आपल्याकडे इंग्रजांना डोंगरातल्या थंड हवेत गावाकडचा खेळ हवा होता. निलगिरीत ट्राउट आला तो त्या हौसेपायी.

ओढ्याच्या वाटेत माणसांनी दोन धरणं घातली, १८७०च्या दशकात एक आणि १९२६ साली दुसरं. तेव्हापासून इथल्या माशांचा समुद्र तुटला. पण ते संपले नाहीत. वरच्या धरणाच्या जलाशयालाच समुद्र मानून ते तिथं वाढतात, आणि पावसाळ्यात अंडी घालायला ओढ्यात वर येतात. पावसाळा म्हणजे इथला, डिसेंबर ते मार्च. खालच्या धरणानं झालेल्या चॅबो तळ्यात मात्र ट्राउट ट्रकनं येतो. जिथून या माशाचं नाव जगाला मिळालं त्याच ओढ्यावरच्या तळ्यात तो विकत आणून सोडावा लागतो, हे वाक्य मी बाबांना पाटीसमोर उभं राहून सांगितलं आणि सांगता सांगता माझाच आवाज चिरकला.

बाबांना मात्र दुसराच शब्द लागला होता. "वर येतात? पहिल्या पावसाबरोबर? म्हणजे चढण!"

चढणीचे मासे ज्यानं पाहिलेत त्याला हे वेगळं सांगायला नको. जूनचा पहिला मोठा पाऊस, गढूळ पाण्याचा लोंढा, आणि त्याच्या उलट दिशेनं नदीतून ओहोळात, ओहोळातून थेट भातखाचरात शिरणारे मासे. आमच्याकडे काही जण वलगण म्हणतात. बांधावरून पडणाऱ्या पाण्यावर उड्या मारणारे ते चकचकीत तुकडे, कंदील घेऊन धावणारी माणसं, पाग, टोपल्या, सापडेल ते. मी सात-आठ वर्षांची असताना बाबांच्या खांद्यावर बसून पाहिलेलं आहे. त्या रात्री घराघरांत गाभोळी तळली जाते, कारण चढणारी मादी पोटुशी असते. त्या वयात ती मला सगळ्यात आवडायची.

आता त्या ओहोळात काय राहिलंय हे बाबांना माहीत आहे. खाली रासायनिक कारखान्यांचं पाणी, ओहोळावर सिमेंटचे बंधारे, आणि जे चढतात ते वाटेतच पकडलेले. "आम्ही गाभोळी खाल्ली," बाबा त्या ओढ्याकडे बघत म्हणाले. ते एवढंच बोलले.

गावाजवळच वाळणकोंड आहे. नदीच्या डोहात महसीर, देवीचे मासे. तिथं कुणी गळ टाकत नाही, लोक चुरमुरे टाकतात. एकाच नदीवर कोसभर इकडे सगळं ओरबाडायचं आणि कोसभर तिकडे हात जोडायचे, हे आपण करत आलो. मासे उरले ते हात जोडल्या जागी.

आपल्याकडेही मासे सोडले जातात, आणि ती गोष्ट इथल्यापेक्षा गुंतागुंतीची आहे. लोणावळ्याला वळवणच्या तलावापाशी टाटांनी १९७०च्या दशकात महसीर वाढवायला सुरुवात केली. धरणांमुळे नद्यांतला महसीर घटत चालला होता. त्याची कृत्रिम वीण साधणं हे मोठं काम होतं आणि ते तिथं झालं. तिथली पिल्लं देशभरच्या पाण्यात गेली. त्यातली काही कावेरीत. कावेरीचा स्वतःचा एक महसीर होता, पाठीला कुबड असलेला, केशरी परांचा, जगातल्या सगळ्यात मोठ्या महसीरांपैकी एक. बाहेरून आलेला दख्खनचा निळसर परांचा महसीर तिथं इतका फोफावला की कुबडवाला दिसेनासा झाला. धरणं, वाळूउपसा आणि सुरुंगानं केलेली मासेमारीही होतीच, पण सोडलेल्या माशांचा वाटा त्यात मोठा मानला जातो. २०१८ साली त्याची शास्त्रीय ओळख पक्की झाली, आणि त्याच वर्षी तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर असल्याची नोंद झाली. इतकी वर्षं त्याला धरणारे होते, पण त्याचं खरं नाव कुठलं हे ठरलेलं नव्हतं. यात कुणाची वाईट बुद्धी नव्हती. महसीर वाचवायला निघालेल्या माणसांचे हे हात. मला ही गोष्ट आठवली की छातीत काहीतरी दाटतं.

म्हणून तळ्यात वांझ मासा सोडणं मला आता कमीपणाचं वाटत नाही. तळ्यात ट्रकनं मासे आणणं थांबवा असं म्हणणारे इथं आहेत. त्यांचा मुद्दा मला कळतो, पण मी त्यांच्या बाजूची नाही. काठावरच्या त्या दोन मुलींना त्या दिवशी कळलं की पाण्याखाली कुणीतरी आहे. तिघा अफगाण भावांना एका काठीवर अर्धा दिवस आणि पोटभर जेवण मिळालं. डोंगरातल्या नद्यांवर जायला गाडी, सवड आणि पैसा लागतो. इथं बस येते. माझं म्हणणं इतकंच, की ट्रकवर जेवढं प्रेम आहे तेवढं बांधापलीकडेही जायला हवं.

बांधापलीकडे अॅलमीडा क्रीक. तळ्यापासून चढ चढून वर गेलं की खाली रुंद, बहुतेक वेळा उथळ असा तिचा पट्टा दिसतो. याच क्रीकमध्ये स्टीलहेड चढायचा. स्टीलहेड म्हणजे दुसरा कुणी नाही, रेनबो ट्राउटच. जो ओढ्यात जन्मून समुद्रात जातो, तिथं मोठा होतो आणि अंडी घालायला गोड्या पाण्यात परत येतो. जात एक, आयुष्य वेगळं. मधल्या काळात पुराच्या भीतीनं क्रीकला सरळ केलं, रेल्वेच्या पुलांखाली पाया वाचवायला काँक्रीटचा उंबरठा घातला, रबराची धरणं आली. समुद्रातून आलेला मासा त्या उंबरठ्याशी येऊन डोकं आपटायचा. १९९७ साली या भागातल्या स्टीलहेडला संकटात असलेला म्हणून कायद्याचं संरक्षण मिळालं. त्या सुमाराला इथले साधे नागरिक उंबरठ्याखाली अडकलेले मासे पकडून, उचलून वरच्या पाण्यात सोडायचे. हातांनी. त्या माणसांनी पंचवीस वर्षं सभा, अर्ज, पत्रं सोडली नाहीत. २०२२ साली त्या उंबरठ्याला आणि धरणाला वळसा घालणारी माशांची शिडी पुरी झाली. २०२५ मध्ये आणखी वर, सुनोलपाशी, जुन्या गॅसवाहिनीवरचा काँक्रीटचा अडसरही निघाला.

बाबांना घेऊन मी शिडी बघायला गेले तेव्हा आदल्या रात्री पाऊस होऊन गेला होता. शिडी म्हणजे काँक्रीटचे लागोपाठ हौद, एकापेक्षा एक थोडा उंच, मधल्या फटींतून जोरात येणारं पाणी. माशानं एका हौदात दम खायचा, मग पुढच्या फटीत शिरायचं. हौद तोच, काँक्रीट तेच. बाबांनी हे लगेच टिपलं. "त्या हौदात पर झिजतो. या हौदातनं वर जातो."

मग त्यांनी तळ्यांकडे पाणी वळवतात त्या तोंडावरच्या जाळ्यांबद्दल विचारलं. बारीक छिद्रांच्या जाळ्या आहेत, समुद्राकडे निघालेलं पिल्लू पाण्याबरोबर ओढलं जाऊन तळ्यात अडकू नये म्हणून. बाबा बराच वेळ गप्प राहिले. पाणी या बाजूचं, पण मासा सोडून फक्त पाणी पलीकडे घ्यायचं. आणि पलीकडच्या पाण्यासाठी मासा शेकडो मैलांवरून आणायचा. मी म्हटलं, विचित्र आहे ना? ते म्हणाले, "विचित्र कसलं? देणं आहे ते. फेडतायत."

तासभर थांबलो. गढूळ पाणी, काहीच दिसलं नाही. एक राखी बगळा मात्र शिडीच्या वरच्या टोकाला न हलता उभा होता, आणि बाबांच्या मते तो उगाच उभा राहणारा पक्षी नाही.

मार्चमध्ये बाबा परत गेले. जाताना तळ्यावर जाऊन त्या फिलिपिनो आजोबांना शोधून काढलं आणि महाडहून येताना आणलेल्या दोन गऱ्या त्यांच्या हातावर ठेवल्या.

जूनमध्ये रात्री उशिरा फोन वाजला. तिकडे दुपार होती. मागे पाण्याचा इतका आवाज की बाबांना ओरडून बोलावं लागत होतं. चढण लागली होती. चुलतभाऊ पाग घेऊन ओहोळात उतरला होता, पोरं टोपल्या घेऊन धावत होती. बाबा साकवावर बसले होते.

"तुम्ही उतरला नाहीत?" मी विचारलं.

"गुडघे दुखतात," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "आणि मी वरच्या बांधाचा दगड काढलाय. तिथनं जे जातील ते जातील. पोरांना सांगितलंय, तिथं पाग टाकायचा नाही."

पलीकडून कुणीतरी मरळ, मरळ असं ओरडलं. बाबांनी त्याला काहीतरी दटावलं ते मला नीट ऐकू आलं नाही.

"तुमच्या त्या शिडीवरनं चढलं का गं कोणी?"

"बाबा, आता चढायचे दिवस गेले. आता पिल्लं खाली समुद्राकडे जायचा काळ."

"मग जाळ्या बघून ये उद्या," ते म्हणाले. "कचरा अडकला असेल."